डोंगराच्या भेगेवर नजर ठेवणारे गाव

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील स्ट्रांडा या ग्रामीण पालिका क्षेत्राची लोकसंख्या जेमतेम साडेचार हजार. तरीही दरवर्षी लाखो पर्यटक येथे येतात. २००५ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेला गैरांगेर फ्योर्ड याच पालिकेच्या हद्दीत आहे. ज्या कड्यांमुळे हे सौंदर्य निर्माण झाले, त्याच कड्यांपैकी एक आज येथील रहिवाशांच्या काळजीचा विषय बनला आहे.

फ्योर्ड म्हणजे हिमयुगातील हिमनद्यांनी कोरलेली खोल दरी. बर्फ वितळल्यानंतर त्यात समुद्राचे पाणी शिरले. आपल्या कोकणातील खाड्यांप्रमाणे समुद्र येथेही दूरवर आत येतो. मात्र दोन्ही बाजूंना सपाटी जवळपास नाहीच. पाण्यातून थेट हजार मीटरहून उंच कडे उठतात. त्यामुळे वस्ती झाली ती नद्यांच्या मुखाशी, हेलेसिल्ट आणि गैरांगेर येथे, किंवा कड्यांवरील अरुंद टप्प्यांवर.

या टप्प्यांवरील शेते आता ओस पडली आहेत. स्कागेफ्लो येथील शेतकरी करवसुलीदार येताना दिसला की वाटेवरची शिडी वर ओढून घेत, अशी आख्यायिका सांगितली जाते. समोरच्या बाजूचे क्निव्हस्फ्लो हे शेत मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दरडीच्या भीतीनेच सोडून द्यावे लागले.

ही भीती निराधार नव्हती. ७ एप्रिल १९३४ च्या पहाटे शेजारच्या ताफ्योर्डमध्ये सुमारे ७०० मीटर उंचीवरून कडा कोसळला. जवळपास ३० लाख घनमीटर दगडमाती पाण्यात पडली आणि उसळलेली लाट काही ठिकाणी ६२ मीटरपर्यंत चढली. काठावरील ४० जणांचा त्यात बळी गेला.

सध्याची चिंता आहे ती ऑकर्नेसेट या कड्याची. हेलेसिल्ट आणि गैरांगेरकडे जाणाऱ्या सुन्निल्व्हस फ्योर्डवर हा कडा उभा आहे. त्याच्या माथ्यावर शेकडो मीटर लांबीची भेग असून ती वर्षाला काही सेंटिमीटरने रुंदावते. शास्त्रज्ञांच्या अंदाजानुसार सर्वांत वाईट परिस्थितीत सुमारे ५ कोटी ४० लाख घनमीटर खडक, म्हणजे ताफ्योर्डच्या अठरा पट, खाली येऊ शकतो. त्यातून उठणारी त्सुनामी हेलेसिल्ट व गैरांगेर येथे पाच ते दहा मिनिटांत पोहोचेल. लाट उठल्यावर पळायचे ठरवले, तर वेळ पुरणारच नाही.

म्हणूनच सारा भर पूर्वसूचनेवर आहे. एवढा मोठा खडक सहसा अचानक सुटत नाही. कोसळण्यापूर्वी त्याची हालचाल वाढत जाते, या अनुभवावर ही यंत्रणा उभी आहे. उपग्रहांवर आधारित मोजमाप, रडार, लेसर आणि खोल विंधन विवरांतील उपकरणे यांद्वारे ऑकर्नेसेटवर अहोरात्र पाळत ठेवली जाते. वेग वाढला की धोक्याची पातळी उंचावायची आणि काठावरील वस्ती आधीच हलवायची, अशी योजना आहे. भोंगे बसवलेले आहेत व स्थलांतराचे मार्गही ठरलेले आहेत. २०१५ च्या ‘ब्योल्गेन’ (लाट) या नॉर्वेजियन चित्रपटाचे कथानकही याच कड्याभोवती फिरते.

गाव कायमचे हलवावे, असा पर्याय येथे पुढे रेटला गेला नाही. त्याचे कारण इतिहासात सापडते. १८६९ मध्ये पहिले पर्यटक जहाज गैरांगेरला आले, १८८९ मध्ये डोंगर ओलांडणारा नागमोडी रस्ता पूर्ण झाला आणि पर्यटन हेच गावाचे उपजीविकेचे साधन बनले. पालिकेचे मुख्य गाव असलेल्या स्ट्रांडाने फर्निचर उद्योगात नाव कमावले. १९८० पासून तेथे तयार होणारा ‘ग्रँडिओसा’ हा गोठवलेला पिझ्झा तर नॉर्वेच्या घराघरांत पोहोचला आहे.

कडा कधी कोसळेल, याचे उत्तर कोणत्याही उपकरणाकडे नाही. मात्र १९३४ मध्ये ताफ्योर्डच्या रहिवाशांना जी संधी मिळाली नाही, ती पुढच्या पिढीला मिळावी, एवढी व्यवस्था स्ट्रांडाने करून ठेवली आहे.