पोषण ट्रॅकर

पोषण ट्रॅकर ही अंगणवाडीतील सेवांच्या नोंदी ठेवणारी संगणकीय प्रणाली आहे. भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने ती १ मार्च २०२१ रोजी सुरू केली. मुलांची नावनोंदणी, दैनंदिन उपस्थिती, आहाराचे वाटप आणि वजन-उंचीची मापे या नोंदी अंगणवाडी सेविका मोबाइलवरील ॲपमधून करते. पालकांना स्वतः नोंदणी करता यावी यासाठी प्रणालीत लाभार्थी विभागाचीही सोय आहे.

पार्श्वभूमी

एकात्मिक बालविकास सेवा योजनेला २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांपासून प्रारंभ झाला. पूरक पोषण आहार, अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण, पोषण व आरोग्य शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भसेवा या तिच्या सहा सेवा होत. यांच्या नोंदी दीर्घकाळ कागदी नोंदवह्यांत ठेवल्या जात. ८ मार्च २०१८ रोजी पोषण अभियान सुरू झाल्यावर सेविकांना मोबाइल देऊन एक संगणकीय प्रणाली वापरात आणली गेली. तिच्या जागी पुढे पोषण ट्रॅकर आले.

नावनोंदणी

गरोदर स्त्रिया, स्तनदा माता आणि सहा वर्षांपर्यंतची मुले या योजनेचे लाभार्थी असतात. सामान्यतः गृहभेटीत किंवा पालक अंगणवाडीत आल्यावर सेविका त्यांची नोंद करते. लाभार्थी विभागाच्या संकेतस्थळावरून पालक स्वतःही अर्ज करू शकतात. या सोयीचा प्रसार हा ८ ते २२ एप्रिल २०२५ या काळातील सातव्या पोषण पंधरवड्याचा एक विषय होता. अर्ज भरल्याने नोंदणी पूर्ण होत नाही; तो संबंधित अंगणवाडीकडे जातो व सेविकेच्या पडताळणीनंतर नाव यादीत येते.

उपस्थिती व आहार

मुलाची उपस्थिती पालकांना नोंदवता येत नाही. ती सेविकाच नोंदवते. उपस्थितीची नोंद दोन वयोगटांसाठी निराळ्या अर्थाची असते. तीन ते सहा वर्षांची मुले अंगणवाडीत बसतात आणि तेथेच सकाळचा नाश्ता व गरम ताजा आहार घेतात. त्यामुळे त्यांची हजेरी आणि आहार यांचा थेट संबंध असतो. सहा महिने ते तीन वर्षांची मुले रोज येत नाहीत. त्यांना शिधा घरी नेण्यासाठी दिला जातो. त्याला घरपोच आहार किंवा टीएचआर म्हणतात, आणि त्यांच्या बाबतीत वाटपाची नोंद महत्त्वाची ठरते.

या दोन्ही वयोगटांतील मुलाला आहारातून दररोज ५०० किलोकॅलरी ऊर्जा व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे मानक राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ च्या मूळ दुसऱ्या अनुसूचीत होते. कुपोषित मुलासाठी ते ८०० किलोकॅलरी व २० ते २५ ग्रॅम प्रथिने असे होते.

वाढीच्या नोंदी

मुलाचे वजन व उंची नोंदवल्यावर प्रणाली जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढ-मानकांशी त्यांची तुलना करते. वयाच्या मानाने उंची कमी असल्यास खुजेपणा, उंचीच्या मानाने वजन कमी असल्यास कृशता आणि वयाच्या मानाने वजन कमी असल्यास कमी वजन, असे वर्गीकरण होते. खुजेपणा दीर्घकालीन कुपोषण दर्शवतो, तर कृशता अलीकडच्या काळातील उपासमार वा आजार सूचित करते. तीव्र कृशतेत तातडीचे उपचार आवश्यक असतात.

हा निष्कर्ष मापाच्या अचूकतेवर अवलंबून असतो. दोन वर्षांखालील बालकाची लांबी झोपवून मोजतात, त्याहून मोठ्या मुलाची उंची उभे करून. जन्मतारीख किंवा उंची चुकीची नोंदली गेली तर निरोगी मूल कुपोषितांत किंवा कुपोषित मूल निरोगी मुलांत गणले जाऊ शकते. म्हणून मापे घेताना पालकांनी उपस्थित राहणे व जन्मतारखेची खातरजमा करणे उपयुक्त ठरते.

चेहरा पडताळणी

घरपोच आहाराच्या वाटपासाठी १ जुलै २०२५ पासून चेहरा पडताळणी बंधनकारक करण्यात आली. आधारच्या साहाय्याने लाभार्थ्याची ई-केवायसी एकदा होते. नंतर शिधा देताना घेतलेले छायाचित्र त्याच्याशी जुळवले जाते. लहान मुलांच्या बाबतीत आई किंवा पालकाची ओळख तपासली जाते. अंगणवाडीत बसून खाण्याच्या गरम आहाराला ही अट नाही.

आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक बदललेला असणे, नेटवर्क नसणे आणि शिधा घेण्यास नोंदणी झालेल्या व्यक्तीऐवजी आजी किंवा अन्य नातेवाईक येणे, या प्रसंगी वाटपात अडथळा येऊ शकतो.

शेगाव व परिसर

शेगाव हे बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. महाराष्ट्रात ग्रामीण भागातील अंगणवाड्या जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागामार्फत चालतात. नागरी भागासाठी स्वतंत्र प्रकल्प असतात. त्यामुळे शेगाव शहरातील आणि तालुक्यातील खेड्यातील पालकांना नोंदणी करताना आपली अंगणवाडी कोणत्या प्रकल्पात मोडते हे आधी जाणून घ्यावे लागते. सेविकेच्या वर पर्यवेक्षिका आणि तिच्या वर बालविकास प्रकल्प अधिकारी अशी रचना असते.

कामानिमित्त गाव बदलणाऱ्या कुटुंबांसाठी नोंद दुसऱ्या अंगणवाडीत हलवण्याची सोय प्रणालीत आहे. उदाहरणार्थ, खामगाव तालुक्यातून शेगावात राहावयास आलेल्या कुटुंबाने नव्या अंगणवाडीत पूर्वीच्या नोंदणीची माहिती दिल्यास मुलाचे नाव दोन ठिकाणी राहत नाही व त्याच्या वाढीचा आलेखही खंडित होत नाही.

पालक दिवसभर कामावर असतील तर अंगणवाडीची काही तासांची वेळ अपुरी पडते. त्यासाठी २०२२ मध्ये मिशन शक्ती अंतर्गत ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडी-सह-पाळणाघराची तरतूद झाली. तेथे सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांचा दिवसभर सांभाळ अपेक्षित आहे.

टीका

ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. मोबाइलची अपुरी क्षमता आणि ॲपमधील इंग्रजी भाषा हे त्यांचे मुख्य आक्षेप होते. पुढे ॲपमध्ये मराठीसह अनेक भारतीय भाषा उपलब्ध झाल्या. चेहरा पडताळणीमुळे पात्र लाभार्थी वंचित राहतात व तांत्रिक अडचणींचा रोष सेविकेवर येतो, अशी टीकाही होते.

नोंद आणि हक्क

मुलाचा आहाराचा हक्क २०१३ च्या कायद्याच्या कलम ५ व ६ मधून येतो; ॲपमधील नोंद हा केवळ त्याच्या अंमलबजावणीचा पुरावा होय. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधारविषयक निकालात, आधार क्रमांक सादर करता आला नाही म्हणून कोणत्याही मुलाला योजनेचा लाभ नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. हक्काचा आहार न पुरवल्यास अन्नसुरक्षा भत्ता देण्याची तरतूद कायद्याच्या कलम ८ मध्ये आहे. नाव वगळले गेल्यास किंवा शिधा न मिळता वाटप झाल्याची नोंद आढळल्यास पर्यवेक्षिका, बालविकास प्रकल्प अधिकारी, पोषण हेल्पलाइन १४४०८ किंवा कायद्यानुसार नेमलेले जिल्हा तक्रार निवारण अधिकारी यांच्याकडे तक्रार करता येते.