उसण का भरते?

"डॉक्टर, विशेष काही उचललं नव्हतं हो. गॅसची टाकी जरा सरकवली आणि कमरेत उसण भरली!" ही तक्रार सातारा-सांगलीकडच्या कोणत्याही दवाखान्यात ऐकू येते. टाकी रोजचीच, माणूसही धडधाकट. मग कंबरेने दगा का दिला? याचे उत्तर शाळेत शिकलेल्या तरफेच्या नियमात आहे.

पहारेने मोठा धोंडा हलविताना आपण पहारेखाली दगडाचा टेकू देतो. टेकूपासून हात जितका लांब, तितक्या थोड्या जोराने धोंडा हलतो. आपली कंबरही अशीच तरफ आहे. कमरेचा मणका हा टेकू, पुढे हातातले ओझे आणि मागे पाठीचे स्नायू. फरक एवढाच, की येथे लांबची बाजू ओझ्याकडे असते. स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम 5 सेंटिमीटर मागे असतात.

भरलेली टाकी सुमारे 30 किलोची. ती मणक्यापासून 50 सेंटिमीटर पुढे धरली, तर अंतर दहापट झाले. म्हणजे तोल राखण्यासाठी स्नायूंना 300 किलो वजनाइतकी ओढ द्यावी लागते! वाकलेल्या धडाचा भार वेगळाच. हा सारा दाब मणक्यांमधल्या गादीवर येतो. तीच टाकी पोटाशी, 25 सेंटिमीटरवर धरली, तर ओढ 150 किलोवर येते. वजन तेच, ताण निम्मा.

सांगलीच्या मार्केट यार्डातला हमाल हळदीचे पोते हातात धरून चालत नाही, पाठीवर घेतो. ऊसतोडणी कामगार मोळी डोक्यावर घेतो. ओझे मणक्याच्या रेषेजवळ आले, की कंबरेवरची ओढ पुष्कळ कमी होते. मात्र डोक्यावरचा सगळा भार मानेच्या मणक्यांवर पडतो, हेही विसरू नये.

आपण एवढे जरूर पाळावे:

1. कंबरेत न वाकता गुडघे वाकवून बसावे. ओझे पोटाशी घ्यावे व मांड्यांच्या जोरावर उठावे.

2. ओझे हातात असताना कंबर पिळू नये. वळायचे तर पावले टाकून वळावे.

3. एका हातात भरलेली बादली नेण्यापेक्षा दोन हातांत अर्ध्या-अर्ध्या न्याव्यात.

4. टाकी किंवा पोते एकट्याने उचलू नये. दुसऱ्यास हाक मारण्यात कमीपणा नाही.

उसण भरलीच, तर एक-दोन दिवस आराम करावा, शेक घ्यावा. पण अंथरुणाला खिळून राहू नये. सोसेल तसे हिंडावे-फिरावे. पायाळू माणसाची लाथ कंबरेत मारून घेण्याची रीत अजून काही ठिकाणी आहे. ती कटाक्षाने टाळावी. दुखावलेल्या गादीला आणखी धक्का बसू शकतो.

कळ पायात उतरत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. पाय लुळा पडला, जांघेत बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर मात्र त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. येथे उशीर झाला, तर अपंगत्व कायमचे राहू शकते.

ओझे कमी करणे प्रत्येकाच्या हाती नसते. ते अंगाजवळ धरणे मात्र आपल्याच हाती आहे.