धूर, विस्तव आणि रक्ताचा रिपोर्ट

धुरावरून विस्तव ओळखायचा, ही न्यायदर्शनातली अनुमानाची रीत आपण मागच्या व्याख्यानात पाहिली. आज ती जरा दवाखान्यात नेऊन बघू.

वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणारा माणूस एकाएकी दारू बंद करतो. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते ४८ तासांत त्याला आकडी येऊ शकते. घरचे म्हणतात, ‘अहो, आता तर सोडली होती!’ सोडली म्हणूनच आली. अमेरिकेत लेक्झिंग्टन इथे हॅरिस इस्बेल यांनी काही माणसांना आठवडेच्या आठवडे दारू पाजली, जेवणखाण नीट ठेवलं आणि मग दारू अचानक बंद केली. त्यांतल्या काहींना आकडी आली. हे १९५५ साली प्रसिद्ध झालं. (असा प्रयोग आज कोणी करू देणार नाही, आणि देऊही नये.) म्हणजे दोष उपासमारीचा नव्हता. दारूच्या गुंगीशी झगडत मेंदूने स्वतःला जास्त उत्तेजित ठेवायची सवय लावलेली असते. दारू गेली तरी ती उत्तेजना उरते.

मग रक्तावरून हे आधी कळेल का? २००० च्या सुमारास जर्मन संशोधकांना असं दिसलं, की ज्यांना आकडी आली त्यांच्यात होमोसिस्टीन जास्त होतं. ते मेंदूच्या पेशींना स्वतःच चेतवतं, म्हणून ते नुसतं चिन्ह नसून कारणाचा भागही असू शकेल. कमी प्लेटलेट आणि कमी पोटॅशियम यांचाही धोक्याशी संबंध आढळतो. पण प्लेटलेट कमी झाल्या म्हणून आकडी येते असं नाही बरं का; दीर्घकाळच्या पिण्याने दोन्ही घडतं. आणि जीजीटी? ते यकृतावरचा ताण सांगतं. आकडीचं भाकीत त्यावरून होत नाही.

आता कोणी विचारेल, ‘सर, रिपोर्ट नॉर्मल आहे, मग घरीच बंद करू का?’ इथे नैयायिकांचा तापलेला लोखंडी गोळा आठवा. त्यात विस्तव आहे, धूर मात्र नाही! धूर दिसला तर विस्तव आहे म्हणा. दिसला नाही तर काहीच म्हणू नका. रक्तातली ही चिन्हं तर धुराइतकीही पक्की नाहीत.

माझ्या मते सुईच्या आधी एक प्रश्न विचारावा: पूर्वी कधी दारू सोडताना आकडी आली होती का? तो इतिहास कुठल्याही एका आकड्यापेक्षा जड आहे, कारण अशा प्रत्येक सोडण्यागणिक मेंदू अधिक चटकन पेटतो. उत्तर ‘हो’ आलं, तर त्या माणसाला खोलीत कोंडून दारू सोडवायची नाही. त्याला रुग्णालयात न्यायचं. तिथे डायझेपाम किंवा लोराझेपाम देऊन, पुढे ते हळूहळू कमी करत, डॉक्टर त्याला या दिवसांतून बाहेर काढतात.