शरदातील कडा

आश्विनात पाऊस ओसरला, की तरुण मित्रमंडळी शनिवार-रविवारी पाठीवर पथारी बांधून सह्याद्रीच्या कड्यांकडे निघतात. साखरखेर्ड्याच्या एका जुन्या मास्तराचे त्यांस एवढेच सांगणे, की शरदातील कातळावर चटकन विश्वास टाकू नये.

कारण त्याच्या घडणीत आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून आपला काळा पाषाण बनला. आमच्या जिल्ह्यातील लोणारचे विवरही याच पाषाणात आहे. काही थर टणक, काही सच्छिद्र व ठिसूळ. ठिसूळ थर झिजला, की वरचा टणक थर निराधार होतो. शिवाय पावसाने भेगांतील माती वाहून जाते. वर गवत हिरवे असल्याने सुटा धोंडा पक्का भासतो. तारुण्यात असाच एक धोंडा माझ्या हाती निखळून आला. खालचा विद्यार्थी थोडक्यात बचावला. तो क्षण मी विसरलो नाही.

म्हणून धोंडा आधी ठोकून पाहावा. पोकळ नाद आल्यास त्यावर भार देऊ नये. दोन हात व दोन पाय यांपैकी तीन स्थिर ठेवून चौथाच हलवावा. दोर व वाकबगार सोबती यांवाचून चढू नये. मुक्काम कड्याच्या अगदी पायथ्याशी नको. वरून दगड येतात आणि शेकोटीच्या धुराने आग्या मोहोळ उठते.

आणि मन साशंक झाले, तर खुशाल माघारी फिरावे. कडा पुढील शरदातही तेथेच असेल, आपणही असावे.