दुर्बीण महाग घ्यावी का?

नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारा एखादा पक्षीप्रेमी रविवारी पहाटे अमरावती ओलांडून मालखेडच्या तलावाकडे निघतो. त्याच्या गळ्यात कोणती दुर्बीण असावी, हा प्रश्न इतरांच्या दृष्टीने हौसेचा. घरात मात्र तो खर्चाचा असतो. तीन-चार हजारांत दुर्बीण मिळत असताना तीस हजार का मोजावेत?

याचे एक उत्तर मेळघाटात मिळते. रानपिंगळ्याचा १८८४ नंतर कोणताही खात्रीलायक पुरावा नव्हता. नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ पुन्हा गवसला. पुढे मेळघाटातही आढळला. गावोगावी दिसणाऱ्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात, रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात. सागाच्या सावलीत बसलेल्या वीतभर पक्ष्याच्या डोक्यावरील ठिपके दिसणे वा न दिसणे, हे बऱ्याच अंशी भिंगावर अवलंबून असते.

दुर्बिणीवरील ८×४२ या आकड्यांपैकी ८ म्हणजे पक्षी किती पट जवळ भासतो ते, आणि ४२ म्हणजे पुढील भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास. खिशात मावणाऱ्या ८×२५ च्या तुलनेत हे भिंग सुमारे पावणेतीन पट प्रकाश गोळा करते. अर्थात हा फरक आकाराचा झाला, किमतीचा नव्हे. जादा पैसे जातात ते भिंगांच्या व प्रिझमच्या प्रत्येक पृष्ठभागावरील लेपासाठी, दोन्ही नळ्या तंतोतंत समांतर ठेवण्यासाठी आणि आत नायट्रोजन भरून नळी हवाबंद करण्यासाठी. स्वस्त दुर्बिणीने तासाभरात डोके दुखू लागते, ते बहुधा नळ्यांची समांतरता बिघडल्यामुळे.

कॅमेऱ्याचा हिशेब निराळा आहे. त्याचा देह काही वर्षांतच मागे पडतो. कॅनन आणि निकॉन या दोघांनीही २०१८ मध्ये आरसाविरहित कॅमेऱ्यांसाठी नवी जोडणी आणली. जुनी भिंगे अडॅप्टर लावून चालतात, एवढेच समाधान. साध्या दुर्बिणीत ना बॅटरी, ना संगणकीय भाग. तीत जुने होण्यासारखे फारसे काही नसते. तीस हजारांची दुर्बीण वीस वर्षे वापरली, तर वर्षाला दीड हजार पडतात. मात्र दीड-दोन लाखांच्या नामांकित युरोपीय दुर्बिणीतून याच्या पाच-सहा पट अधिक दिसेल, अशी अपेक्षा कोणी बाळगू नये. या पायरीनंतर वाढत्या किमतीच्या मानाने वाढणारा लाभ थोडा असतो. नियमित पक्षीनिरीक्षकाने मधल्या पायरीवर थांबणे आम्हाला अधिक शहाणपणाचे वाटते.

खरा शत्रू आहे बुरशी. पावसाळ्यात चामडी पेटीत कोंडून ठेवलेल्या दुर्बिणीच्या भिंगांवर तिचे जाळे पसरते आणि ते लेपच खाऊन टाकते. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवणे हा स्वस्त उपाय. वऱ्हाडच्या मे महिन्यात ती बंद मोटारीत ठेवणेही तितकेच घातक. परदेशातील नातलगाकडून मागविण्यापूर्वी तिची हमी भारतात चालते का, हे लेखी विचारून घ्यावे. आणि शक्य असल्यास सायंकाळी दुकानाच्या पायरीवर उभे राहून, समोरच्या पाटीवरील बारीक अक्षरे वाचून पाहावीत; दुकानातील दिव्यांच्या झगमगाटात सगळ्याच दुर्बिणी चांगल्या वाटतात.