पेन्शनचा आकडा आणि पेन्शनचा हिशेब

वाचकहो, आमच्या पुण्यात पेन्शनरांना कधी तोटा नव्हता. सकाळी कोणत्याही बागेत जा, एखाद्या तरी बाकावर महागाई वाढीचा विषय चाललेला असतोच. पण आज मला बोलायचे आहे ते त्या बाकावर अजून बसायचे आहेत त्यांच्याशी, आणि त्यातही विशेषेकरून खेड्यापाड्यांतल्या गुरुजींशी.

भोर तालुक्यातले एक प्राथमिक शिक्षक माझ्या परिचयाचे आहेत. निवृत्तीला सहा महिने उरले असता ते माझ्याकडे आले. हातात मोबाइल, चेहरा प्रसन्न. इंटरनेटवरच्या एका पेन्शन कॅलक्युलेटरने त्यांना दोन आकडे दिले होते. दरमहा पेन्शन ४२,४५० रुपये आणि एकरकमी सुमारे १६ लाख ७० हजार. या दोन आकड्यांच्या भरवशावर घराचा इसार द्यायचा आणि उरलेले कर्ज पेन्शनमधून फेडायचे, असा त्यांचा बेत होता.

मी विचारले, “गुरुजी, या यंत्राने तुमची जन्मतारीख विचारली का?”

“नाही हो सर. पगार आणि नोकरीची वर्षे, एवढेच विचारले.”

इथेच सारी गोम होती. यंत्राने गुणाकार चुकवला नव्हता. पण जे विचारले नाही, ते त्याने स्वतःच्या मनाने धरले. निवृत्तीचे वय त्याने ६० धरले, कारण केंद्र सरकारच्या नोकरांना ते तेवढे असते. आपल्या जिल्हा परिषदेचे शिक्षक निवृत्त होतात ५८ व्या वर्षी. म्हणजे न होणारी दोन वर्षांची नोकरी आणि न मिळणाऱ्या दोन वेतनवाढी हिशेबात आल्या. मूळ वेतन ८०,००० होते, ते ८४,९०० झाले.

आता खरा हिशेब आपण कागदावर करू. पाचवी-सहावीतल्या मुलालाही तो जमेल. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी नोकरीस लागलेल्यांना १९८२ चे निवृत्तिवेतन नियम लागू आहेत. सेवा वीस वर्षांहून अधिक असेल तर शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन मिळते. ८०,००० चे निम्मे ४०,०००. त्यातला जास्तीत जास्त ४० टक्के भाग विकता येतो. आपण बोलताना ‘पेन्शन विकली’ म्हणतो, सरकारी भाषेत त्याला अंशराशीकरण म्हणतात. ४०,००० चे ४० टक्के म्हणजे १६,०००. याला बाराने गुणायचे आणि मग कोष्टकातल्या गुणकाने. हा गुणक पुढच्या वाढदिवसाच्या वयावर ठरतो. ५९ ला तो ८.३७१ आहे, ६१ ला ८.१९४. गुणाकार करून पाहा: १६,००० गुणिले १२ गुणिले ८.३७१, बरोबर १६,०७,२३२ रुपये. यंत्राच्या आकड्यापेक्षा हे साठ-बासष्ट हजारांनी कमी.

एवढ्यावर भागले असते तरी चालले असते. मोठा घोटाळा पुढेच आहे. यंत्राने एकरकमी रक्कम दाखवली आणि शेजारी पूर्ण पेन्शनही दाखवली. गुरुजी समजले, दोन्ही मिळणार. पण विकलेला भाग दरमहा वजा होतो, तो पंधरा वर्षांनी परत सुरू होतो. तेव्हा त्यांच्या हाती मूळ पेन्शन येणार ४०,००० उणे १६,०००, म्हणजे २४,०००. महागाई वाढ मात्र पूर्ण ४०,००० वर मिळते, एवढा दिलासा. आता सांगा, ४२ हजार धरून ठरवलेला कर्जाचा हप्ता या पेन्शनमधून कसा निघावा?

पेन्शनमध्ये रकमेपेक्षा अट मोठी असते, हे पुणेकरांनी विसरू नये. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाला इंग्रजांनी सालीना आठ लाखांचा तनखा बांधून दिला. आकडा सर्वांना ठाऊक होता. १८५१ मध्ये बाजीराव वारला आणि नानासाहेबाने तनखा मागितला, तेव्हा कंपनी सरकार म्हणाले, तो बाजीरावाच्या हयातीपुरताच होता. आपल्या घरीही हा प्रश्न विचारून ठेवावा. आपल्या माघारी कुटुंब निवृत्तिवेतन साधारण दराने वेतनाच्या ३० टक्के मिळते, म्हणजे वरच्या उदाहरणात २४,०००.

नियम बदलतात, यंत्रे मात्र जुनीच राहतात. उपदानाची, म्हणजे ग्रॅच्युइटीची, कमाल मर्यादा केंद्रात १ जानेवारी २०२४ पासून २५ लाख आहे. आपल्या राज्यात ती १४ लाख होती, ती २०२४ मध्येच २० लाख झाली. तसेच, १ नोव्हेंबर २००५ पूर्वीच्या जाहिरातीवरून पण त्यानंतर नेमणूक झालेल्या कर्मचाऱ्यांना जुन्या पेन्शनचा पर्याय देण्याचा निर्णय राज्याने २०२४ च्या आरंभी घेतला. जाहिरातीची तारीख विचारणारे यंत्र मी तरी पाहिलेले नाही.

नव्या योजनेतल्या तरुण शिक्षकांचा धोका निराळा आहे. तिथे पेन्शन वेतनावर ठरत नाही, साठलेल्या रकमेवर ठरते, आणि ती किती वाढेल हा अंदाजच असतो. दरमहा १०,००० रुपये २५ वर्षे भरले आणि वाढ १० टक्के धरली, तर सुमारे १ कोटी ३३ लाख होतात. वाढ ८ टक्के धरली, तर सुमारे ९५ लाख. दोनच टक्क्यांचा फरक, पण ३७-३८ लाख उडाले! शिवाय महागाई वर्षाला ६ टक्के राहिली, तर २५ वर्षांनंतरच्या रुपयाला आजच्या पावलीएवढीही किंमत उरणार नाही. म्हणून अशा यंत्रावर आधी उत्तर पाहू नये. वाढीचा दर किती धरला आहे, तो पाहावा. तो कमी करून पुन्हा हिशेब करावा आणि मगच बेत आखावा.

मग यंत्र वापरूच नये का? वापरावे, पण पंचांगातल्या पावसासारखे. पेरणी करायची ती जमिनीची ओल पाहून. आपली ओल म्हणजे आपले सेवापुस्तक. नेमणुकीची तारीख, खंड, बिनपगारी रजा, प्रत्येक वेतननिश्चिती त्यात नीट नोंदली आहे का, हे निवृत्तीच्या दोन वर्षे आधी स्वतः वाचावे. वेतन पडताळणीत जुनी चूक निघाली, तर शेवटचे मूळ वेतनच खाली येते आणि त्याबरोबर सारे आकडे घसरतात. मंजुरीचा आदेश हाती येईपर्यंत कोणालाही कसलाही शब्द देऊ नये.

आमच्या गुरुजींनी इसार दिला नाही. घर घेतले, पण लहान घेतले आणि एकरकमी रकमेत बसेल असे. परवा भेटले तेव्हा म्हणाले, “सर, तीस वर्षे पोरांना ‘ताळा करून पाहा’ म्हणून सांगितले. माझ्याच गणिताचा ताळा तेवढा राहिला होता.”