समुद्राचा कायदा : ओहोटीच्या रेषेपासून दोनशे मैलांपर्यंत

किनाऱ्यावरून पाहणाऱ्यास समुद्र एकसंध दिसतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्याचे अनेक पट्टे पडलेले आहेत. होडी कोणत्या पट्ट्यात आहे यावरून मासळी पकडण्याचा हक्क कोणास, तपासणीचा अधिकार कोणास आणि गुन्हा घडल्यास खटला कोठे चालावा, हे ठरते. गोव्यासारख्या किनारी प्रदेशातील मच्छीमार, ग्रामपंचायती, अधिकारी व शिक्षक यांना या व्यवस्थेची स्थूल माहिती असणे म्हणूनच आवश्यक आहे.

जुना वाद

समुद्रावर कोणाची मालकी असू शकते काय, या वादाचा एक धागा गोव्यातून गेलेला आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी हिंदी महासागरावर आपली सत्ता असल्याचा दावा केला आणि व्यापारी गलबतांना ‘कार्ताझ’ नावाचा परवाना घेणे भाग पाडले. परवाना नसलेले गलबत जप्त होत असे. पुढे अठराव्या शतकात कान्होजी आंग्रे यांनी कोकण किनाऱ्यावर स्वतःचे दस्तक चालू करून या समुद्रावर मराठ्यांचाही अधिकार असल्याचे दाखवून दिले.

पोर्तुगीजांच्या दाव्याविरुद्ध डच पंडित ह्यूगो ग्रोशियस याने १६०९ साली ‘मारे लिबेरुम’, म्हणजे ‘खुला समुद्र’, हा लहानसा ग्रंथ प्रसिद्ध केला. समुद्र सर्वांचा आहे, तो कोणा एकाचा होऊ शकत नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. त्यास सेराफिम द फ्रेइतास या पोर्तुगीज पंडिताने १६२५ साली उत्तर दिले. मद्रास विद्यापीठात काही काळ अध्यापन करणारे चार्ल्स अलेक्झांड्रोविच, तसेच दिल्लीचे आंतरराष्ट्रीय कायद्याचे अभ्यासक राम प्रकाश आनंद यांनी या इतिहासाची वेगळी बाजू मांडली. युरोपीय लोक येण्यापूर्वीच हिंदी महासागरात निर्वेध नौकानयनाची प्रथा रूढ होती, असे त्यांचे प्रतिपादन आहे. खुल्या समुद्राचे तत्त्व पुढे बलाढ्य आरमारे व मोठे मासेमारी ताफे बाळगणाऱ्या राष्ट्रांच्याच सोयीचे ठरले, याकडेही आनंद यांनी लक्ष वेधले.

नवी संहिता

किनाऱ्यालगतचा तीन मैलांचा पट्टा तेवढा त्या त्या देशाचा, ही समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. यंत्रनौका, तेलविहिरी आणि दूरवरून येणारे मासेमारी ताफे यांमुळे ती अपुरी पडू लागली. १९६७ साली माल्टाचे प्रतिनिधी आर्विद पार्दो यांनी संयुक्त राष्ट्रसंघात असे सुचविले की, खोल समुद्राचा तळ हा अखिल मानवजातीचा समाईक वारसा मानावा. १९७३ पासून नऊ वर्षे वाटाघाटी चालल्या आणि १० डिसेंबर १९८२ रोजी जमैकातील माँटेगो बे येथे सागरी कायद्याच्या करारावर सह्या झाल्या. परिषदेचे अध्यक्ष, सिंगापूरचे टॉमी कोह, यांनी या करारास महासागरांचे संविधान म्हटले. करार १९९४ साली अंमलात आला. भारताने त्यास १९९५ साली अनुसमर्थन दिले. तथापि भारताने स्वतःचा सागरी क्षेत्रांचा कायदा १९७६ सालीच संमत केला होता, हे येथे नमूद करणे योग्य होईल.

चार पट्टे

सर्व अंतरे आधाररेषेपासून, म्हणजे सर्वसाधारणपणे ओहोटीच्या पाण्याच्या रेषेपासून, मोजली जातात. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर.

(१) राज्यक्षेत्रीय जलधी : १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर. येथे देशाची पूर्ण सत्ता चालते. परकी जहाजांना निरुपद्रवी रीतीने जाण्याची मात्र मुभा असते.

(२) संलग्न क्षेत्र : २४ सागरी मैलांपर्यंत. जकात, आरोग्य, परदेशगमन इत्यादी बाबींत देशास नियंत्रण ठेवता येते.

(३) अनन्य आर्थिक क्षेत्र : २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटर. येथील मासळी, तेल, वायू व खनिजे यांवर किनारी देशाचा हक्क असतो. नौकानयन सर्वांस खुले असते.

(४) त्यापलीकडचा खुला समुद्र व तळ : पाण्यावर कोणाचीही सत्ता नाही. तळावरील खनिजांची व्यवस्था आंतरराष्ट्रीय प्राधिकरणाकडे आहे. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने जानेवारी १९८१ मध्ये हिंदी महासागराच्या तळावरून बहुधातुयुक्त गोळे वर आणले. १९८७ साली भारतास ‘अग्रणी गुंतवणूकदार’ म्हणून मान्यता मिळाली, ती याच कार्याच्या बळावर.

राज्य व केंद्र यांची सीमा

मत्स्यव्यवसाय हा राज्यसूचीतील विषय आहे. परंतु राज्यक्षेत्रीय जलधीपलीकडील मासेमारी ही संघसूचीत येते. म्हणजे बाराव्या मैलापर्यंत राज्याचे नियम व त्यापुढे केंद्राचे, अशी विभागणी आहे. सत्तरच्या दशकात ट्रॉलरांमुळे आपली रांपण रिकामी येऊ लागली, अशी गोव्यातील रांपणकारांची तक्रार होती. किनाऱ्यालगतचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखावा म्हणून त्यांनी आंदोलन केले. त्या पार्श्वभूमीवर गोवा, दमण व दीवसाठी सागरी मासेमारी नियमनाचा कायदा १९८० साली झाला. एलईडी दिव्यांच्या झोतात मासे पकडण्यास बाराव्या मैलापलीकडे जी बंदी आहे, ती मात्र केंद्र सरकारने २०१७ साली घातलेली आहे. मासळीला सीमा कळत नाही. म्हणून दोन्हीकडचे नियम एकमेकांस पूरक असल्याशिवाय त्यांचा उपयोग होत नाही.

कायदा आणि माणसाचा जीव

या रेषांचे महत्त्व एका दुःखद घटनेने स्पष्ट केले. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे साडेवीस सागरी मैलांवर ‘एन्रिका लेक्सी’ या इटालियन तेलवाहू जहाजावरील नौसैनिकांच्या गोळीबारात दोन भारतीय मच्छीमार मृत्युमुखी पडले. घटना बाराव्या मैलापलीकडची असल्याने केरळ राज्यास खटला चालविण्याचा अधिकार नाही, तो केंद्रास आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये ठरविले. २०२० साली आंतरराष्ट्रीय लवादाने सैनिकांना भारतीय न्यायालयांपासून संरक्षण असल्याचे मान्य केले. परंतु भारतीय बोटीच्या नौकानयनाच्या स्वातंत्र्याचा भंग झाला व भारतास भरपाई मिळाली पाहिजे, असेही सांगितले. इटलीने दिलेल्या दहा कोटी रुपयांनंतर २०२१ साली हे प्रकरण मिटविण्यात आले. शिक्षा भारतात व्हावयास हवी होती असे अनेकांना वाटले. लहान बोटीचा हक्क निवाड्यात मान्य झाला, याचे महत्त्व इतरांनी सांगितले. दोन्ही मतांत तथ्य आहे.

मच्छीमारांनी विशेष लक्षात ठेवावे असे करारातील कलम ७३ आहे. दुसऱ्या देशाच्या आर्थिक क्षेत्रात मासेमारीचा नियम मोडल्यास बोट पकडता येते. मात्र वाजवी हमी दिल्यावर बोट व खलाशी त्वरित सोडावेत आणि दोन देशांत वेगळा करार नसल्यास तुरुंगवासाची शिक्षा देऊ नये, असे ते सांगते. हे संरक्षण बाराव्या मैलाच्या आत मात्र लागू होत नाही.

हक्काबरोबर जबाबदारी

या करारानेच किनारी देशावर मासळीचा साठा राखण्याचे बंधनही घातले आहे. पश्चिम किनाऱ्यावरील १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी याच विचाराची आहे. विणीच्या हंगामात माशाला उसंत दिली, तर पुढील हंगामात जाळे भरते, हे जुन्या जाणत्या मच्छीमारांस कायद्याच्या आधीपासून ठाऊक होते. शाळांतून गोव्याच्या नकाशावर किनाऱ्यापुढील या रेषा मुलांकडून आखून घेतल्या आणि ग्रामपंचायतींनी बोटीवर जाणाऱ्या तरुणांस त्यांचा अर्थ समजावून दिला, तर दोनशे मैलांचा हा हक्क कागदावर न राहता किनाऱ्यावरील घरांपर्यंत पोहोचेल.